मामानं घातलेलं जेवण

आमच्या घराण्यात कॉलेजात गेलेला मी पहिला, हे मी आजही छाती फुगवून सांगतो. त्यामुळं बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षानंतरच्या सुट्टीत अभयारण्यातल्या कामासाठी वर्गातल्या आम्हा तिघांना निवडलं, तेव्हा गावात मी काही कमी मिरवलो नाही. काम मात्र मिरवण्यासारखं नव्हतं. पुण्याच्या एक मॅडम भेकरांवर, म्हणजे जंगलातल्या लहान हरणांवर, संशोधन करत होत्या. जंगलात दोरीनं पट्टे आखायचे, त्यात वाकून भेकरांच्या लेंड्या शोधायच्या, मोजायच्या आणि पिशवीत भरायच्या. वडील म्हणाले, लेंड्या तर आपल्या शेरडांच्याही होत्या की, त्याला कॉलेज कशाला.

आजऱ्याच्या पलीकडं, जंगलाला लागूनच माझ्या मामाचं गाव. भाचा एवढ्या जवळ येऊन तंबूत खिचडी खातो, हे मामाला सोसेना. एका दुपारी त्यानं मॅडमसकट आम्हा सगळ्यांना जेवायला बोलावलं. सोप्यात घोंगडी अंथरली, मॅडमना पाट दिला. रस्सा लालभडक होता. मॅडमनी तो पुन्हा मागून घेतला आणि मटण फार छान शिजलंय म्हणाल्या.

मामा याचीच वाट बघत होता.

"मटण कुठलं मॅडम, भेकर हाय. जंगलाचं सायेब घरी येणार, आन् बोकडावर भागवू व्हय?"

त्याच्या लेखी यात वावगं काही नव्हतंच. त्याच्या वडलांच्या काळी जंगलातल्या बंगल्यावर साहेब उतरला की गावानं शिकार पोचवायची, तो मान असायचा. मॅडम खाकी शर्ट घालायच्या, आम्ही वह्या घेऊन जंगलात फिरायचो; म्हणजे आम्हीही तसलेच साहेब. त्यातला एक तर घरचा भाचा.

मॅडमचा हात ताटातच थांबला. माझे दोघे सोबती माझ्याकडं बघायला लागले. मॅडमनी हळू विचारलं, "तुला माहीत होतं?" मी नाही म्हणालो, आणि ते खरंच होतं. पण तोंडात घास होता. थुंकावा की गिळावा कळेना. गिळला.

तेवढ्यात मामी गरम भाकरी घेऊन आली. ताटं तशीच बघून तिचा चेहरा पडला. "तिखट झालं व्हय रं?"

"व्हय," मी म्हणालो.

मग मामानं सगळ्यांदेखत तिला झापलं. शहरातल्या पावण्यांच्या जिभेचा इचार नको का करायला, म्हणाला. ती भाकऱ्या घेऊन आत गेली. मी ऐकत बसलो.

परतताना मॅडमनी मला बाजूला घेतलं. मामानं लावलेले तारेचे फास उद्यापर्यंत सगळे काढून आणून दे, म्हणाल्या, नाहीतर मला वर कळवावं लागेल, आणि मग तुझा मामा आत जाईल. त्यांच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी मी एकटाच गेलो. कायदा, केस, तुरुंग सगळं सांगितलं. मामा वाद घालील असं वाटलं होतं. तो उठून जंगलात गेला, मोटरसायकलच्या क्लच वायरचे फास काढून आणले आणि पोत्यात भरून माझ्यापुढं ठेवले.

"आदी सांगायचं की रं," तो म्हणाला. "माज्यामुळं तुजी मान खाली गेली न्हवं?"

नाही म्हणायला काय लागत होतं? मी पोतं उचललं.

केस झाली नाही. मला कामाचा दाखला मिळाला, पुढं नोकरीही लागली. मामाकडं जाणं-येणं आहे. पण आता ताट वाढायच्या आधी तो दारात उभा राहून विचारतो, "हे चालंल न्हवं तुमाला?" नुसती मेथीची भाजी असली तरी विचारतो. मी चालतं म्हणतो, आणि मामीकडं न बघता जेवतो.