फड्या निवडुंगाचे फोटो

धुळ्याला माझं फोटोचं दुकान चांगलं चालत असतानाच मला एका जागी बसवेनासं झालं. मागे रंगवलेला पडदा, खुर्चीत पगडीवाला, शेजारी अवघडून उभी बायको, वर्षानुवर्षं तेच. अशात साक्रीकडचा फड्या निवडुंग मरू लागल्याचं कानावर आलं. सरकारने त्यावर किडा सोडला होता. ज्याने बांध, कुरणं, पायवाटा गिळल्या, तो निवडुंग आता कुजून खाली बसत होता. लोक खुशीत होते. मला मात्र तो संपायच्या आत प्लेटवर घ्यायची घाई सुटली.

"ऐन लग्नसराईत दुकान बंद ठेवून काट्यांचे कसले फोटो काढताय?" बायको म्हणाली.

कॅमेरा, तिपाई आणि काचेच्या प्लेटांची पेटी घेऊन मी मोटारीत बसलो.

साक्रीच्या अलीकडे एका खेड्यात हवा तसा निवडुंग सापडला. माणसापेक्षा उंच, आणि अंगभर त्या किड्याचे कापसासारखे पांढरे पुंजके. एक चिरडून पाहिला तर बोट कुंकवात बुडवल्यासारखं लाल झालं. मी काळं कापड डोक्यावर घेतलं, काढलं, तिपाई हलवली, पुन्हा मांडली. ऊन चढत होतं आणि मनासारखं काही जमत नव्हतं. तेवढ्यात शेताच्या मालकीण, एक म्हाताऱ्या अक्का, काठी टेकत आल्या.

"कसाले फोटू काढस रे भाऊ?"

"हे आता राहणार नाही ना अक्का, म्हणून."

"मंग मना बी काढ. हाई मरी राह्यनं, तठेच माले उभी कर."

मला चित्रात माणूस नको होतं. माणसांना कंटाळूनच तर आलो होतो. पण अक्का हलेनात. त्यांनी सांगितलं, गाय शोधायला त्यांचे यजमान याच जाळीत शिरले आणि तिथेच साप चावून गेले. लग्न होऊन आल्यापासून हा निवडुंग घराकडे सरकताना त्या बघत होत्या. मग मी त्यांना निवडुंगापुढे उभं केलं. भिंगावरचं झाकण काढलं तेव्हा त्यांची पापणीही हलली नाही.

काही दिवसांनी फोटो घेऊन गेलो. माझ्या मते तो माझा सगळ्यात चांगला फोटो होता. अक्कांनी तो जवळ धरून पाहिला, लांब धरून पाहिला, आणि त्यांचा चेहरा उतरला.

"हाई तर जित्तं शे. बठ्ठं फुलेल शे!"

खरंच होतं. फोटोत निवडुंग जिवंत वाटत होता, किड्यांचे पांढरे पुंजके थेट फुलांसारखे दिसत होते. ती कीड आहे, फुलं नाहीत, असं मी परोपरीने सांगितलं.

"घरमा नको," म्हणत त्यांनी फोटो परत माझ्या हातात दिला.

परतीच्या मोटारीत मी तो पुन्हापुन्हा काढून पाहत होतो. त्यांचं चुकलं असं काही मला म्हणता येईना.

पावसाळा सरता सरता पुन्हा गेलो, तर निवडुंगाच्या जागी बाजरी उभी. अक्का कणसांवरची पाखरं हाकत होत्या.

"आते काय काढस?" त्या हसल्या.

"तुमचाच काढतो."

बाजरीतला तो फोटो मात्र त्यांनी ठेवून घेतला, सुनेला हाक मारून दाखवला. मला बरं वाटलं, पण ते धुळं येईपर्यंतच. दुकानात गिऱ्हाईक खोळंबलं होतं आणि माझं लक्ष लागत नव्हतं. रावेरकडे केळीच्या बागांना शेराच्या झाडांचं जुनं, दाट कुंपण आहे, असं कोणीसं बोलून गेलं. बायकोने माझ्याकडे पाहिलं आणि वाटेसाठी दशम्या थापायला घेतल्या.