क्लॅरिनेटने तिची छाती बिघडली नव्हती

माझ्या बायकोला दमा होता आणि क्लॅरिनेट फुंकून फुंकून तिची छाती कायमची गेली, असं आमच्या नात्यागोत्यात सगळे सांगतात. लग्नकार्यात कुणाच्या मुलाने बासरीचं किंवा सनईचं नाव काढलं की कुणीतरी हटकून तिचं उदाहरण देतं. हे खोटं आहे, आणि ते पहिल्यांदा मी सांगितलं. क्लॅरिनेटने तिची छाती सुधारली होती. बिघडवली ती मी. माझी पंचाहत्तरी उलटून गेली. ज्या दोघांना हे तोंडावर सांगायला हवं होतं, ती दोन्ही माणसं आता नाहीत.

मी एका तंबाखूच्या कंपनीत पानांच्या प्रतवारीवर होतो. हंगामात रोज सकाळी पिरियापट्टणला जायचं, भट्टीतून निघालेली पानं हातात घेऊन त्यांचा रंग, जाडी, डाग बघायचे आणि संध्याकाळच्या बसने म्हैसूरला परतायचं. केसांत, मानेवर, शर्टाच्या शिवणींत बारीक पिवळी भुकटी बसलेली असे. लग्नानंतर पहिल्याच वर्षी बायकोला त्या वासाने घुसमटायला झालं, तेव्हा आम्ही नियम केला. मागच्या दाराने यायचं, धुण्याच्या दगडापाशी कपडे उतरवून बादलीत बुडवायचे, डोक्यावरून पाणी घ्यायचं आणि मगच घरात पाऊल टाकायचं. डॉक्टरांनीही पुढे तेच सांगितलं. पंधरा वर्षं मी हा नियम पाळला आणि त्याबद्दल माझं कौतुक होत असे.

कौतुकाबद्दल थोडं लिहायला हवं. ऑफिसात मी कुणी नव्हतो. गल्लीत मात्र मी 'आजारी बायकोचं इतकं करणारा' होतो. तिला धाप लागली की मी पाणी गरम करायचो, पाठ चोळायचो, तीन उशा रचून तिला बसवायचो. ती माझं मनगट घट्ट धरून ठेवायची. शेजारच्या बायका मला रायर, म्हणजे रावसाहेब, म्हणत आणि आपापल्या नवऱ्यांना ऐकवायच्या, "रायरांकडून शिका स्वल्प." मला ते आवडायचं. किती आवडायचं, हे पुढे कळलं.

म्हैसूर राज्याचं कर्नाटक होऊन चार-पाच वर्षं झाली असतील. डॉक्टरांनी तिला फुगे फुगवायला सांगितले. छातीला व्यायाम म्हणून. चाळिशीची बाई, पायरीवर बसून लाल-निळे फुगे फुगवायची आणि कुणी आलं की पदराखाली लपवायची. समोरच्या घरात अरमनेच्या, म्हणजे राजवाड्याच्या, जुन्या बँडातले एक निवृत्त वादक राहत. कानडी गृहस्थ, बायको वारलेली. ते एक दिवस कुंपणाशी येऊन तिला म्हणाले, "अम्मा, तुम्ही इतकं देता आणि फुगा तुम्हाला काय देतो? सुम्ने, उगाच फुटतो. यात फुंका. निदान काही ऐकू तरी येईल."

त्यांच्या हातात त्यांची जुनी क्लॅरिनेट होती.

महिनाभर तिच्यातून नुसती हवा आणि बदकासारखा एखादा आवाज निघत होता. गुरुजी घाई करत नसत. गाणं नाही, काही नाही. एकच सूर, लांब. खांदे खाली, पाठ सरळ, श्वास पोटातून. ते गुडघ्यावर बोटाने ठोके मोजत. पहिल्या दिवशी तिचा सूर चार ठोक्यांत तुटला. दसऱ्यापर्यंत ती अकरावर गेली, संक्रांतीला वीसच्या पुढे. मी हे आकडे सांगू शकतो, कारण मी आतल्या खोलीत बसून मोजत असे, आणि प्रत्येक वाढलेला ठोका मला खुपत असे.

फायदे काय झाले, ते सरळ लिहितो, कारण ते मी कुणाला कधीच सांगितले नाहीत. तीन उशांची एक उशी झाली. ती आडवी होऊन झोपू लागली. वाकलेली पाठ सरळ झाली आणि ती माझ्याएवढी उंच आहे हे मला लग्नानंतर इतक्या वर्षांनी दिसलं. मार्केटातून दोन पिशव्या घेऊन ती न थांबता चालत येई. पण खरा फरक छातीतला नव्हता. पूर्वी धाप लागायच्या आधीच तिला धापेची भीती लागायची. आता घशात किंचित घरघर झाली तरी ती डोळे मिटून, ओठ आवळून, सावकाश श्वास सोडायची आणि ती घरघर बसायची. मला हाक मारत नसे. तिचा जोरात हसण्याचा आवाजही मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. पूर्वी तिला खोकल्याच्या भीतीने हसताही येत नसे.

मी आधी चेष्टा करून पाहिली. पाहुणे आले की म्हणायचो, "आमच्याकडे वरातीचा बँड घरचाच आहे." ती म्हणायची, "मग वरात काढा तुमची, मी फुकट वाजवते." पाहुणे हसायचे, पण माझ्यावर.

मग मी उष्ट्याचं काढलं. एका सणाला, पंगत बसत असताना, सगळ्यांसमोर म्हणालो, "परक्या माणसाच्या तोंडातलं तोंडात घालतेस रोज. एंजलु. त्याच हाताने देवाचा नैवेद्य करतेस?"

गुरुजींनी तिच्यासाठी तोंडाचा भाग आणि त्यावरची वेताची पट्टी दोन्ही नवीन आणून दिली होती, हे मला माहीत होतं. मी स्वतः पिरियापट्टणच्या मिलिटरी हॉटेलात हजारांच्या उष्ट्या ताटल्यांत मटण खात होतो, हे कुणाला माहीत नव्हतं. तिचा चेहरा पडेल अशी माझी अपेक्षा होती. ती म्हणाली, "हौदा? असं का? बरं. माझं पान वेगळं मांडते." त्या दिवसापासून ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर बसून जेवू लागली. सहा महिने. रागाने नाही, अगदी मजेत. तिथून अंगण दिसतं, वारा येतो, म्हणायची.

मग हेग्गडदेवनकोटेचा प्रसंग आला. तिथे तिच्या बहिणीकडे बारसं होतं. मी घरी आलो तर जेवण झाकून ठेवलेलं आणि मुलगी अभ्यास करत बसलेली. "आई बसने गेली. उद्या येते म्हणाली." त्या रस्त्याची धूळ, ती गर्दीची बस, आणि ती एकटी. पंधरा वर्षांत ती माझ्याशिवाय बसमध्ये चढली नव्हती. दुसऱ्या दिवशी परत आली ती ठणठणीत, हातात केळ्यांचा घड. "काही सुद्धा झालं नाही हो," म्हणाली. आनंदाने सांगत होती. तिला वाटलं, मलाही आनंद होईल.

त्या आठवड्यात एका संध्याकाळी मी पुढच्या दाराने घरात आलो. शर्ट काढून झोपण्याच्या खोलीत दारामागच्या खुंटीला लावला आणि वर स्वच्छ टॉवेल टाकला. विसरून झालं, असं मला लिहिता आलं असतं. विसरलो नव्हतो. शर्टाच्या खिशात पानांचा चुरा होता आणि तो मी पिरियापट्टणहून मुद्दाम भरून आणला होता.

पहाटे ती उठून बसली. ओठ आवळले, श्वास सोडून पाहिला, जमलं नाही. तिने माझं मनगट धरलं. मी पाणी गरम केलं, पाठ चोळली. मला बरं वाटलं. याहून वेगळा शब्द मला सापडत नाही.

तो सगळा हंगाम मी तो शर्ट त्या खुंटीला लावला. अंघोळ मात्र आधीसारखीच मागच्या दगडापाशी करायचो, म्हणून तिला संशय आला नाही. ती दिवसा सावरायची, सूर लावायची, पहाटे पुन्हा कोसळायची. वीस ठोक्यांवरून बारा, बारावरून सहा. "असं कसं होतंय?" ती विचारायची. मी म्हणायचो, "छाती म्हणजे काय लोहाराचा भाता आहे? फुंकून फुंकून झिजली." डॉक्टरांकडे मीच बोललो. हे वाजवायला लागल्यापासून वाढलंय, म्हणालो. दवाखान्यात गर्दी होती. ते म्हणाले, "मग काही दिवस बंद करून बघा."

तिने क्लॅरिनेट पुसली, पेटीत ठेवली आणि समोर नेऊन दिली. त्याच दिवशी मी शर्ट पुन्हा मागच्या दगडापाशी उतरवू लागलो. पंधरा दिवसांत तिची धाप बसली. पुरावा पक्का झाला. आता तिचाही त्यावर विश्वास बसला. येणाऱ्या-जाणाऱ्यांना ती स्वतः सांगू लागली, "माझीच हौस हो. फुंकलं म्हणून झालं."

गुरुजी एकदाच आले. मी त्यांना आत बोलावलं नाही. ते दारात उभे राहिले, टोपी हातात. म्हणाले, "रायरे, माझं चुकलं. इतक्या लवकर लांब सूर द्यायला नको होता. चाळीस वर्षं वाजवलं मी, असं कुणाचं झालेलं पाहिलं नाही. पण झालं खरं. क्षमा करा."

मी त्यांना क्षमा केली. शब्दशः. म्हणालो, "जाऊ द्या, तुम्ही मुद्दाम थोडंच केलं?" त्यांच्याकडे आणखी दोघं-तिघं शिकायला येत होते, त्यांनाही त्यांनी बंद केलं. चार वर्षांनी ते वारले. कुणाचं तरी नुकसान केलं, असं मनात धरून गेले.

श्वासाची सवय सुटली तशी छाती हळूहळू जुन्या जागी गेली. एक उशी पुन्हा तीन झाल्या. मी सेवा केली. माझं नाव झालं. शेवटच्या वर्षी एकदा ती म्हणाली, "पुन्हा सुरू करू का हो? स्वल्पच. नुसता एक सूर." मी म्हणालो, "आता कशाला? आहे तेवढी छाती जप." तिने मान हलवली. अठ्ठावन्नाव्या वर्षी ती गेली, आणि जाण्याआधी दवाखान्यातल्या नर्सला माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "यांनी जगवलं मला इतकी वर्षं."

हे माझ्याबरोबरच गेलं असतं. पण मी आता मुलीकडे राहतो आणि तिच्या मुलीला, माझ्या दहा वर्षांच्या नातीला, तसाच दमा आहे. शाळेतल्या संगीताच्या बाईंनी निरोप पाठवला की हिला बासरीला घाला, छातीलाही चांगलं. मुलीने ताडकन नकार दिला. "आमच्या घरात ते होणार नाही. माझ्या आईची छाती त्यानेच गेली." पोर दोन दिवस रडली.

तिसऱ्या दिवशी मुलगी स्वयंपाकघरात भिजवलेल्या अवरेकाळूची, म्हणजे पावट्याच्या दाण्यांची, सालं चिमटीने काढत बसली होती. मी समोर बसलो आणि सगळं सांगितलं. खिशातल्या चुऱ्यासकट. तिचे हात थांबले नाहीत. एक एक दाणा सालातून निसटून पातेल्यात पडत होता.

"किती दिवस?" तिने विचारलं.

"एक हंगाम."

"मी तेव्हा नववीत होते," ती म्हणाली. "मी आईवर ओरडले होते. तुझ्या त्या पिपाणीने तू मरशील आणि माझी परीक्षा बुडेल, म्हणून. दुसऱ्या दिवशी तिने ती परत केली. अप्पा, मला इतकी वर्षं वाटायचं, मी ओरडले म्हणून निदान आई वाचली."

हे मला माहीतच नव्हतं.

"आईला सांगितलंत?"

"नाही."

"शेवटीही नाही?"

"नाही."

तिने हात धुतले, फोन घेतला आणि शाळेतल्या बाईंशी कानडीत बोलली. गुरुवारपासून पाठवते, म्हणाली. फोन ठेवून माझ्याकडे न बघता म्हणाली, "सगळ्या नातेवाइकांना खोटं तुम्हीच सांगितलंत ना? आता खरंही तुम्हीच सांगा. लिहून. मी कुणाला सांगत बसणार नाही."

माझं औषध ती आता हातात देत नाही, टेबलावर ठेवते. बाकी काही बदललं नाही. जेवण वेळेवर मिळतं.

नात रोज संध्याकाळी पुढच्या खोलीत बासरी घेऊन बसते. अजून हवाच जास्त निघते. काल सहा ठोके सूर टिकला. मी दाराशी जाऊन उभा होतो. पोर म्हणाली, "अम्मा, अज्जाला आत बसू दे ना."

"त्यांना तिथून ऐकू येतं," मुलगी म्हणाली, आणि उठून तिने दार लावून घेतलं.