तीन महिने त्यालाही मोजायला लावले

नव्वदच्या दशकात मी पेणच्या एका खासगी दवाखान्यात नर्स होते. धरमतर खाडीतल्या मालवाहू बार्जवरचा एक खलाशी तापाने दाखल झाला होता. त्याला इंजेक्शन देऊन सुईवर टोपण बसवताना ती माझ्याच अंगठ्यात घुसली. साबणाने धुतलं, पट्टी लावली, विसरले. चार दिवसांनी त्याच्या रक्ताचा रिपोर्ट आला. एचआयव्ही पॉझिटिव्ह.

माझं रक्त लगेच तपासलं. निगेटिव्ह. मी तिथेच हसायला लागले. लॅबमधले वयस्क तंत्रज्ञ म्हणाले, "पोरी, हा रिपोर्ट सुई टोचायच्या आधीचा समज. विषाणू शिरला तरी अंगात त्याची खूण तयार व्हायला काही आठवडे जातात. ही टेस्ट ती खूण शोधते. दीड महिन्याने ये, मग तीन महिन्यांनी, शेवटचं सहा महिन्यांनी."

माझा चेहरा बघून त्यांनी पुढचंही सांगितलं. अशी सुई टोचलेल्या शंभरातल्या एकालाही बहुधा लागण होत नाही. "तोवर रक्तदान नको. बाकी सगळ्यांबरोबर जेव, भाचरांना कडेवर घे. कपबशीने हे पसरत नाय."

माझा साखरपुडा झाला होता. मुलगा रोह्याचा, केमिकल कंपनीत शिफ्टला. त्याच्यापासून लपवायचं मनातही आलं नाही. रोहा स्टेशनच्या बाकावर बसून मी त्याला एकेक तारीख समजावली, लग्न सहा महिने पुढे ढकलू म्हटलं. तो मान डोलवत होता आणि बाकाच्या टोकाकडे सरकत होता.

दोन दिवसांनी त्याच्या आईचा निरोप आला. लग्न मोडलं. साखरपुड्याची साडी परत नको, जाळून टाका.

ती साडी माझ्या आईने स्वतः घडी घालून ट्रंकेत ठेवली. मी दवाखान्यात जात राहिले. बातमी पेणलाही पोचली होती. काही पेशंट म्हणायचे, "ही नर्स नको, दुसरी पाठवा." मी काहीच केलं नव्हतं, तरी मान खाली घालून वॉर्डातून फिरायचे. दीड महिन्याचा रिपोर्ट निगेटिव्ह, तीनचा निगेटिव्ह, सहाचाही. तंत्रज्ञांनी शेवटचा कागद हातात दिला आणि म्हणाले, "संपलं."

माझं संपलं नव्हतं.

रोह्यात त्या मायलेकांनीच माझ्याबद्दल उठवलेली बातमी त्यांच्याच दारात फिरली. लोक म्हणू लागले, ती दोघं एकत्र हिंडायची, मग मुलालाही असेलच. त्याला कोणी मुलगी देईना. शेवटी त्याची आई त्याला घेऊन आमच्या घरी आली.

"झालं ते झालं गो. आता काय नाय ना तुला?"

"मला नाही," मी म्हटलं. "तुमच्या मुलाचं काय? आज एक टेस्ट, तीन महिन्यांनी दुसरी. दोन्ही कागद आणा, मग बोलू."

"त्याला कशाला? त्याने काय केलंय?"

"मी तरी काय केलं होतं?"

तो गेला. जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात रांगेत उभा राहिला, आणि रोह्याच्या कोणीतरी त्याला तिथे पाहिलं. बाजारात बातमी मी पसरवली नाही. माझ्या कानावर आली तेव्हा थांबवलीही नाही. त्या तीन महिन्यांत मला शांत झोप लागायची.

दुसरा कागद घेऊन तो एकटाच आला. वाळला होता. मी दोन्ही रिपोर्ट नीट वाचले आणि परत दिले.

"तू निगेटिव्ह आहेस. मला तुझ्याशी लग्न करायचं नाही."

"मग टेस्ट कशाला करायला लावलीस?"

"तीन महिने किती मोठे असतात ते तुला कळावं म्हणून."

तो चपला घालून निघून गेला. माझी आई आतून म्हणाली, "बरं केलंस."

पुढे कितीतरी घाबरलेल्या माणसांना मी समोर बसवून सांगितलं, की टेस्ट करून घेण्यात लाज नाही. त्या एका माणसाची मात्र मी त्याच टेस्टने लाज काढली. हे चूक होतं, ते मला तेव्हाही कळत होतं. वाईट अजून वाटलेलं नाही.