डूखकाकांची बेल

डूखकाका चिडत नसत. चिडण्यात राग वाया जातो, असं त्यांचं मत. ते डूख धरत. सदाशिव पेठेतला एक दुकानदार त्यांना "घ्यायचं नसेल तर हात लावू नका" म्हणाला होता. तेव्हापासून ते दुकान आलं की काका भर उन्हात रस्ता ओलांडत आणि दुकान मागे पडलं की परत सावलीत येत. दुकानदार वारला, मुलगा गल्ल्यावर बसला, तरी काकांचा रस्ता बदलला नाही. "डूख दुकानावर आहे, माणसावर नाही," असं त्यांनी मला ऐकवलं होतं.

कोथरूडला आमची दारं समोरासमोर. मी आयटीत नोकरीला, काका कारखान्यातून निवृत्त. त्यांनी हौसेने घरातली गाणी आणि दिवे चालवणारी एक पेटी विकत घेतली होती. ती बनवणाऱ्या कंपनीने गाशा गुंडाळला आणि विकत घेतलेली गाणी एका दिवसात मुकी झाली. झालं, धरला डूख! "जी पेटी उघडून आत काय चाललंय ते वाचता येत नाही, ती माझ्या घरात येणार नाही." मग पाण्याचा पंप, दिवे, गाणी, बेल असं सगळं घर चालवणारा प्रोग्रॅम त्यांनी स्वतःच लिहिला.

काकूंचे गुडघे दुखायचे, दारापर्यंत यायला वेळ लागायचा, आणि लोक बेल बडवत राहायचे. काकांनी बेलमध्ये काकूंचाच आवाज भरला: "आले हो, आले! बोट काढा बेलवरून!" पोस्टमनसुद्धा दचकून मागे सरकायचा. इंटरनेट गेलं तरी निदान हा आवाज वाजावा, म्हणून त्यांनी तो प्रोग्रॅमच्या आतच ठेवला होता.

काकू गेल्यावर काकांनी प्रोग्रॅमला त्यांचंच नाव दिलं, 'कुमुद', आणि तो सगळ्यांसाठी फुकट, खुला ठेवला. अट एकच: कुणीही वापरा, बदला, पण कुमुदचं नाव पुसू नका.

विवेकने पुसलं. हा विवेक दर रविवारी काकांकडे शिकायला यायचा आणि काकूंच्या हातची साबुदाण्याची खिचडी दोनदा मागून घ्यायचा. त्याने 'कुमुद' उचलला, त्याला झुळझुळीत इंग्रजी नाव दिलं आणि आपल्या कंपनीचं म्हणून बिल्डरांना विकायला काढला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. वकिलाकडे चला म्हटलं, तर काका म्हणाले, "कोर्टात निकाल लागायच्या आधी माझाच निकाल लागेल. आपण नुसतं त्याचं प्रात्यक्षिक बघायला जाऊ."

वाघोलीला नमुन्याच्या फ्लॅटमध्ये बिल्डर आणि गिऱ्हाइकांची गर्दी होती. विवेक एकेक करामत दाखवत होता. काकांनी अगदी अदबीने हात वर केला. "अहो, इंटरनेट गेलं तर?"

"तरी सगळं चालतं!" विवेकने तोऱ्यात वायर उपटली.

"मग बेल दाबून दाखवता का?"

त्याने दाबली. कंपनीची सुरावट होती इंटरनेटवर. घुमला तो काकूंचा आवाज: "आले हो, आले! बोट काढा बेलवरून!"

गिऱ्हाइकं खो खो हसली. विवेक पांढराफटक पडला. त्याने तो आवाज ओळखला होता.

"ही माझी बायको," काका बिल्डरला म्हणाले. "तुमच्या कंपनीत कामाला कधी लागली, मला कल्पना नाही."

बिल्डरने काम काढून घेतलं. विवेक हात जोडत आला. "काका, तो आवाज कुठून काढायचा तेवढं सांगा."

"नाव काढताना विचारलं होतंस? ते परत लाव, मग बोलू."

त्याने आपल्या प्रोग्रॅममधून बेलच काढून टाकली. नाव लावलं नाही.

मागच्या वर्षी काका गेले. त्यांचा मुलगा परदेशी परतताना घराची किल्ली माझ्याकडे देऊन गेला. घरातला 'कुमुद' मी चालू ठेवला आहे. एका संध्याकाळी हार घेऊन विवेक आला आणि त्याने बेल दाबली. "आले हो, आले! बोट काढा बेलवरून!" त्याने बोट काढलं आणि उभा राहिला. थोड्या वेळाने पुन्हा दाबली.

मी माझ्या दाराच्या भिंगातून बघत होते. किल्ली हातात होती. तो हार कडीला अडकवून निघून जाईपर्यंत मी दार उघडलं नाही.