छातीकडे ओढलेली मूठ

धामणकर नाक्याजवळच्या लूमच्या कारखान्यात मी बारा वर्षं धाग्याच्या कांड्या भरल्या. तिथल्या खडखडाटात ओरडून उपयोग नसतो. शेजारच्या माणसाचं तोंड हलताना दिसतं, शब्द एकही ऐकू येत नाही. जो ओरडायचा तो नवखा, त्याला आम्ही हसायचो. सगळं बोलणं हातांनी. अंगठा तोंडाकडे नेला की पाणी, आणि मूठ वळून छातीकडे ओढली की लूम बंद कर. बारा वर्षांत माझी ओरडायची सवयच मोडली. घरीसुद्धा मी नवऱ्याला हातानेच गप्प करायची. तो चिडवायचा, तुझं भांडण शेजाऱ्यांना कधी कळायचंच नाही.

माहेरच्या गावी राहून कामावर परतताना दादा मला त्याच्या छोट्या व्हॅनमधून सोडायचा. माझा मोठा भाऊ. भाताचं काम आटपलं की उरलेलं वर्ष वडप्याच्या गोदामांत कामाला जाणाऱ्या बायकांना पोचवायचा. वाटेत रेल्वेचे रूळ लागायचे. तेव्हा तिथे फाटक नव्हतं, माणूस नव्हता, नुसती एक गंजकी पाटी. एका अंगाला वळण आणि घाणेरीची दाट झुडपं. म्हणून कुणीतरी उतरून रुळांपलीकडे जायचं, वळणाकडे बघायचं आणि व्हॅनला हात करायचा. एरवी गाडीत बसलेल्या बायकांपैकीच कुणीतरी हे करायची.

त्या सकाळी गाडीत आम्ही दोघंच होतो, म्हणून मी उतरले. रूळ ओलांडून वळणाकडे बघितलं आणि मालगाडी दिसली. भोंगा वाजत असणार. माझे कान लूमने केव्हाच खाल्लेत, आणि दादाच्या काचा वर होत्या. मी वळले आणि मूठ छातीकडे ओढली. बंद कर.

दादा निघाला.

तो निघाला तशी मी आणखी जोरात ओढली, दोन्ही हातांनी. ओरडायचं सुचलंच नाही. त्याची मला आजही लाज वाटते, आणि स्वतःचा भयंकर संताप येतो.

इंजिनाने व्हॅनचं नाक धरलं. व्हॅन गर्रकन फिरून खालच्या चरात पडली. पायाखाली आलेल्या जेवणाच्या डब्यासारखी चेपली होती. दादा शुद्धीत होता. स्टिअरिंग छातीत रुतलं होतं, डावा पाय दाराच्या पत्र्यात अडकला होता. तो सोडवायला लोकांना पहार आणावी लागली. इस्पितळातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "अशा छोट्या गाडीत धक्का पत्रा सोसत नाही हो, हाडं सोसतात." बरगड्या मोडल्या होत्या, त्यातली एक फुप्फुसात घुसली होती. कंबरेचं हाड दुभंगलं होतं. पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

पोलीस जबाब घ्यायला आले तेव्हा मी खाटेपाशीच होते. काय हात केला, असं त्यांनी मला विचारलं. मी म्हटलं, थांब असा. मग त्यांनी दादाला विचारलं.

"मी तिच्याकडं बघलाच न्हाय," तो म्हणाला. "चूक माझी हाय."

मला क्षणभर सुटल्यासारखं वाटलं, हे खोटं कशाला सांगू? पण त्यानंतर दादा माझ्याशी बोलायचा तो भिंतीकडे बघून. पाणी दे, उशी दे, बस. त्याला राग आहे का, हे विचारायचं धाडस मला कित्येक महिने झालं नाही.

भातकापणीच्या दिवसांत मी गावी गेले. दादा ओटीवर बसला होता, कुबड्या भिंतीला टेकवून. मी अंगणाच्या टोकाला दिसताच त्याने मूठ वळली आणि छातीकडे ओढली. मी जागच्या जागी थांबले. त्याने पुन्हा ओढली. मी उभीच.

"का गो, उभी का राह्यलीस? ये म्हनतोय ना."

"दादा," मी म्हटलं, "आमच्या कारखान्यात ह्याला बंद कर म्हणतात."

तो आपल्या मुठीकडे बघत राहिला. "म्हंजे त्या दिशी तू थांब सांगत व्हतीस?"

मी मान डोलावली.

"मला वाटला, तूच बोलवलास. तुला पोलीस नेतील म्हून मी खोटा बोललो." मग पहिल्यांदाच त्याने माझ्या तोंडाकडे बघितलं. "ओरडायचा ना गो," तो म्हणाला. "एकदा तरी ओरडायचा."