टाकी भरेपर्यंतचा सूर

चिटगुप्प्याच्या सिद्धरामानं लग्नाच्या बँडातला जुना सिंथेसायझर, म्हणजे विजेवरची पेटी, उघडला आणि मागं दोन भोकं पाडून सॉकेट बसवले. एकातून सुराच्या उंचीप्रमाणं व्होल्टेज बाहेर येणार, दुसऱ्यातून पट्टी दाबलेली असेतोवर इशारा. त्यावर दुसरं वाद्य नाचवायचं होतं. पण दुसरं वाद्य होतं कुठं?

"कामून भोकं पाडायलाव? उद्या भंगारात घालते बघा," बायको नेत्रावती म्हणाली.

"थांब की गं, कामाचंय ते."

घाबरून त्यानं दुसऱ्या सॉकेटची वायर रिले, म्हणजे इशाऱ्यावर चालणारं बटण, लावून पाण्याच्या मोटरीला जोडली. पट्टी दाबली की मोटर चालू.

पेटी वाचली. आता रोज सकाळी नेत्रावती पट्टीवर बत्ता ठेवून भाकऱ्या थापते आणि टाकी भरेपर्यंत गल्ली एकच सूर ऐकते. सिद्धरामाला मात्र वाजवायची हुक्की आली, तर आधी विचारावं लागतं, "टाकी रिकामी हाय का?"