कुलपातली केरसुणी

शनिवारी रिबेकाबाईंच्या घरातली केरसुणी कुलपात असायची. शुक्रवारी दुपारी दोन दिवसांचा स्वयंपाक उरकला, की केरसुणी, बादली, भांडी घासायचा काथ्या, सगळं लोखंडी कपाटात जायचं आणि किल्ली बाईंच्या कमरेला. मग सूर्य मावळायच्या आधी त्या दोन दिवे लावत. महाडच्या शाळेत त्या इतिहास शिकवत, मी मराठी, आणि राहायलाही आम्ही समोरासमोर. त्यामुळे हे कुलूप मी वर्षानुवर्षं पाहिलं.

चोराच्या भीतीने नव्हे, ते होतं सुनंदासाठी. पोलादपूरच्या वरच्या वाडीतून एसटीने येणारी सुनंदा आमच्या इमारतीत पाच घरी काम करायची. बाईंनी तिला आल्याआल्या सांगितलं, माझ्याकडे शनिवारी यायचं नाही आणि पगार कापला जाणार नाही. तिचा विश्वासच बसेना. फुकटची सुट्टी कोण देतं? शनिवारी माझं काम आटोपून ती समोर शिरली आणि बाईंची पाठ वळताच केर काढू लागली.

"ठेव ती खाली," बाई ओरडल्या.

"राहू द्या ना बाई. बसून पैसे खाल्ले तर अंगाला लागनार नाय."

"माझ्या अंगाला लागतात, तुझ्या का नाही लागणार?" असं म्हणून त्यांनी केरसुणी हिसकावून घेतली. तेव्हापासून कुलूप.

रिबेकाबाई बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू. शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून कोकणात ज्यांना शनिवार तेली म्हणत, त्या घराण्यातल्या. महाडात त्यांच्या समाजाचं दुसरं घर मला माहीत नाही. "आमचे पूर्वज भाषा विसरले, ग्रंथ हरवून बसले," त्या सांगायच्या, "पण शनिवारी घाण्याचा बैल मोकळा असायचा. एवढं पुरलं आम्हाला."

एकदा शाळेच्या मधल्या सुट्टीत मी विचारलं, देवाने सांगितलं म्हणून एवढा आटापिटा? झालं. डबा बाजूला सरकवून त्यांनी माझा तासच घेतला.

"शब्बाथ, म्हणजे आमचा हा शनिवारचा विसावा, काही आभाळातून तयार पडला नाही. आमच्या ग्रंथातल्या सगळ्यात जुन्या गोष्टींत तो अमावास्येच्या जोडीने येतो, साधुपुरुषाच्या दर्शनाला जायचा दिवस म्हणून. मग शेतकऱ्याचा नियम आला. नांगरणी असो, कापणी असो, सातव्या दिवशी थांब, बैलाला आणि गाढवाला श्वास घेऊ दे. मग व्यापारी कुरकुरायला लागले, कधी एकदा शब्बाथ संपतो आणि माप मारून धान्य विकतो. त्यांना एका संदेष्ट्याने असं झोडपलंय! पुढे आमचं देऊळ जळालं, माणसं बाबिलोनला धरून नेली. ना जमीन, ना देऊळ. तेव्हा त्यांनी त्या दिवसाचंच देऊळ केलं. देवानेसुद्धा सृष्टी घडवून सातव्या दिवशी विसावा घेतला, हे बहुधा तेव्हाच लिहिलं गेलं असं अभ्यासक म्हणतात."

"म्हणजे माणसांनीच रचलं?"

"वाढवलं. आणि आज्ञा दोनदा लिहिली, कारणं मात्र वेगळी. एकीकडे देवाने विसावा घेतला म्हणून. दुसरीकडे, तुम्ही मिसरात गुलाम होतात हे विसरू नका म्हणून, तुमच्या दासालाही तुमच्यासारखाच विसावा हवा म्हणून. देव दमतो की नाही मला ठाऊक नाही. गुलाम दमतो. माझी आज्ञा ती दुसरी."

स्वतःच्या ग्रंथाशीही त्यांचं भांडण होतंच. शनिवारी लाकडं गोळा केली म्हणून एकाला दगडांनी ठार मारल्याची कथा त्यात आहे. "लाकडं वेचणारा गरीबच असणार," त्या म्हणायच्या. "ते पान मी मानत नाही. वर गेल्यावर विचारणार आहे."

कपाटाचं कुलूप असं की ते हळूहळू सुनंदाच्या डोक्यातही बसलं. एका महिन्याच्या पगाराला तिने सगळ्याच घरी सांगून टाकलं, यापुढे शनवारी येनार नाय. इमारत खवळली. शनिवारीच तर पाहुणे येतात! सेक्रेटरींच्या घरी सभा भरली. ठरत असं होतं, की सुनंदाने ऐकलं नाही तर तिला बाईंचं सोडून बाकीच्या सगळ्या घरांतून काढायचं. रिबेकाबाई न बोलावता येऊन बसल्या.

"बाई, तुमचा धर्म तुमच्या घरात ठेवा," सेक्रेटरी म्हणाले.

"धर्म माझा आहे. कंबर तिची आहे," बाई म्हणाल्या, "आणि ती तुमच्या घरात वाकते."

मला हसू आवरेना. दोन घरांनी सुनंदाला काढलंच. पण त्या घरांत जायला वाडीतली दुसरी कुणी बाई तयार होईना. येते, पण शनवार माझा, असंच जी ती म्हणायची. शेवटी त्या दोन घरांनी निमूट सुनंदाला परत बोलावलं. बाईंनी त्या दिवशी मला मनुकांचं शरबत पाजलं.

गेल्या वर्षी एका शुक्रवारी, दिवे लावून झाल्यावर, बाई खुर्चीतच गेल्या. सकाळी ठाण्याहून त्यांचा भाचा डॅनियल आला. शनिवारी दफन करत नाहीत हे त्याला माहीत होतं, पण सेक्रेटरी घाई करत होते. उद्या लोकांना सवड नाही, खड्ड्याला माणसं आत्ता मिळताहेत, दुपारपर्यंत उरकून टाकू. बाईंभोवती रचलेल्या बर्फाच्या लाद्या वितळत होत्या. डॅनियल बिचारा भिडस्त. "कुणाला त्रास नको," म्हणत त्याने मान डोलावली.

दारात सुनंदा उभी होती. शनिवार सोडल्यापासून पहिल्यांदाच शनिवारी आलेली.

"आज कशी गं आलीस?" मी विचारलं.

"कामाला नाय आले. बसायला आले."

मग ती सेक्रेटरींसमोर जाऊन उभी राहिली. "बाईंनी शनवारी कुनाला राबवलं नाय. आज त्यांच्यासाठी कुनी कुदळ मारायची नाय. खड्डा खननारा बी मानूसच हाय, त्याला बी शनवार हाय. बर्फ मी आनते. उद्या न्या."

सेक्रेटरी काहीतरी बोलायला गेले. ती हलली नाही. डॅनियल मात्र खुर्ची ओढून मामीशेजारी बसला आणि म्हणाला, "उद्या." मला त्या क्षणी रडू फुटलं, ते दुःखाचं होतं की अभिमानाचं ते सांगता येत नाही. कुणीतरी जमीन झाडायला केरसुणी मागितली. केरसुणी कुलपात होती. किल्ली डॅनियलने बाईंच्या कमरेची काढून सुनंदाच्या हातात दिली, तर तिने ती पदराला बांधली आणि गाठ मारली.

बाईंना रविवारी माती दिली, खाडीकडल्या त्यांच्या जुन्या दफनभूमीत. पुढच्या आठवड्यात डॅनियलने घर रिकामं केलं. ते लोखंडी कपाट न्यायला जागा नव्हती, म्हणून माझ्याकडे ठेवलं.

त्या शुक्रवारी सुनंदाने माझं काम आटोपलं, हात पुसले. मग माझी केरसुणी उचलून कपाटात घातली, बादली घातली, काथ्या घातला, कुलूप लावलं आणि मला काही न विचारता किल्ली घेऊन पोलादपूरच्या एसटीत बसली.